ईदचा सीझन आणि एमबीएची परीक्षा

२०२५ साली ईदुल फित्र ३१ मार्चला, सोमवारी झाली. राज्याच्या सीईटी सेलची एमबीए-एमएमएस प्रवेश परीक्षा १, २ आणि ३ एप्रिलला होती, म्हणजे ईदच्या दुसऱ्याच दिवसापासून. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. शाबान संपत आला की आमचा सीझन सुरू होतो आणि चांदरातीला मध्यरात्र उलटली तरी शटर खाली येत नाही.

माझा धाकटा मुलगा बी.कॉम. झालेला. त्याने फॉर्म भरला होता. पण रमजानचा सगळा महिना तो काउंटरवर होता. दिवसा रोजा आणि गिऱ्हाईक, तरावीहनंतर पुन्हा गिऱ्हाईक. त्याचे पुस्तक गल्ल्याशेजारी उघडे असायचे आणि त्यावर आमचे बिलबुक ठेवलेले असायचे. ईदच्या दुसऱ्या दिवशी तो पहाटेच्या लोकलने आसनगावहून परीक्षेला गेला. निकाल लागला तेव्हा पर्सेंटाइल पन्नासच्याही खाली होते. मी म्हणालो, "नशिबात नव्हते, बेटा." तो काही बोलला नाही.

पुढे एक दिवस त्याची वही हाती लागली. जानेवारीपर्यंतची पाने भरलेली होती, फेब्रुवारीपासून तुरळक आणि मार्चची कोरी. तेव्हा कळले की यात नशिबाचा काही संबंध नव्हता. माल भरताना मी दहा दुकाने फिरतो, तागा उलगडून पन्हा मोजतो. मुलाच्या परीक्षेची तारीख मात्र मी कॅलेंडरवर एकदाही पाहिली नव्हती. दोष माझा होता.

त्यानंतर दुपारच्या मंदीत मी त्याचे सराव पेपर वाचू लागलो. माझे शिक्षण उर्दू माध्यमात, मॅट्रिकपर्यंत. निम्मे इंग्रजी मुलाला विचारावे लागले. पण ही परीक्षा कशी आहे ते समजले, आणि जे समजले ते शहापूर, मुरबाड आणि आसपासच्या आपल्या व्यापारी-कारागीर बांधवांपुढे ठेवतो आहे.

परीक्षा आहे तरी काय

बिझनेस स्कूलच्या प्रवेशासाठी आपल्या मुलांपुढे मुख्यतः दोन दरवाजे आहेत. एक राज्याची सीईटी. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली सुरू केलेली जमनालाल बजाज संस्था, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था, तसेच आपल्या समाजाच्या अंजुमन-ए-इस्लामची अल्लाना संस्था आणि वांद्र्याची रिझवी संस्था येथे या मार्गाने जाता येते. दुसरा दरवाजा कॅटचा, म्हणजे आयआयएमचा. पवईची नीटी ही जुनी संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, म्हणजे हा दरवाजाही आता आपल्या लोकल गाडीच्या टप्प्यात आला आहे.

२०२५ च्या सीईटीत २०० प्रश्न होते आणि वेळ १५० मिनिटे. तर्काचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५० प्रश्न. प्रत्येकाला एक गुण. प्रश्नपत्रिका इंग्रजीत, परीक्षा कॉम्प्युटरवर. पदवीला ५० टक्के गुण लागतात, महाराष्ट्रातील मागासवर्गीयांना ४५.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, आणि बहुतेक वडील येथेच गोंधळतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी सुमारे नव्वद आपल्या मागे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. पेपर वेगवेगळ्या सत्रांत होतो, म्हणून सत्रांचे गुण एका पातळीवर आणून क्रम लावतात. म्हणजे येथे पास-नापास नाही, बाजारभाव आहे. जमनालाल बजाजसाठी ९९ च्याही वर जावे लागते, इतर बऱ्याच संस्थांत त्याहून खूप खाली जागा मिळते. मुलाला आधी विचारा की त्याला कोणत्या बाजारात उभे राहायचे आहे. तयारीचे माप त्यावरून ठरेल.

पंचेचाळीस सेकंदांचा सौदा

१५० मिनिटांत २०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. सगळे प्रश्न सोडवायचेच असे ठरवून बसणारा मुलगा येथे बुडतो. मर्यादित रोकड घेऊन भिवंडीला किंवा उल्हासनगरला गेलेला व्यापारी पहिल्याच दुकानात सगळी थैली रिकामी करत नाही. आधी फिरतो, जो माल हातोहात खपेल तो उचलतो, बाकीचा नजरेत ठेवतो. पेपरही तसाच तीन फेऱ्यांत सोडवावा. पहिल्या फेरीत, साधारण १०० मिनिटांत, सगळे २०० प्रश्न नजरेखालून घालायचे. जो लगेच सुटतो तो सोडवायचा, जो अडतो त्यावर खूण करून पुढे जायचे. दुसऱ्या फेरीत ४० मिनिटे खूण केलेल्या प्रश्नांना द्यायची. शेवटची १० मिनिटे उरलेल्यांसाठी.

त्या उरलेल्यांचे काय करायचे? २०२५ च्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. अशा पेपरात एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे गल्ल्यातले पैसे रस्त्यावर टाकणे. दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचा असतो. तीस प्रश्न नुसत्या अंदाजाने भरले तरी सरासरीने काही बरोबर निघतीलच. माझ्या मुलाने चोवीस प्रश्न कोरे सोडले होते. मी विचारले, का? म्हणाला, "येत नव्हते ते कसे लिहायचे?" इमानदार मुलगा आहे, पण येथे त्याची इमानदारी चुकीच्या जागी खर्च झाली.

कॅटचा हिशेब वेगळा आहे. तेथे दोन तास असतात, तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटे. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्नातल्या चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. चार पर्यायांवर आंधळा अंदाज केला तर चारदा एकदा तीन मिळतील आणि तीनदा एकेक जाईल. शिल्लक शून्य. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले, तर अंदाज नफ्यात जातो. ज्या प्रश्नांत पर्याय नसतात आणि उत्तर स्वतः भरायचे असते, तेथे चुकीला दंड नाही. म्हणून मुलाने फॉर्म भरला की त्या वर्षीचे माहितीपत्रक सर्वांत आधी वाचावे. नियम बदलू शकतात, आणि नियम न वाचता केलेली मेहनत म्हणजे भाव न विचारता उचललेला माल.

आपल्या मुलांचे भांडवल

आमची मुले या परीक्षेला घाबरतात, याचे मला नवल वाटते. छापील किमतीवर २५ टक्के चढवून मग २० टक्के सूट दिली तर काय उरले? दुकानात वाढलेला मुलगा कागद न घेता सांगेल की काहीच नाही, मूळ भावावर आलो. १०० चे १२५ झाले आणि १२५ चे पुन्हा १००. वीस टक्के सूट आणि वर दहा टक्के म्हणजे तीस नव्हे, अठ्ठावीस, हेही त्याला ठाऊक असते. पुस्तकी मुलगा येथे सूत्र आठवत बसतो. आमच्या पिढीने सव्वा, दीड, अडीचचे पाढे तोंडपाठ केले होते. तेच पाढे मुलांकडून करून घ्या. साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश आणि पंचवीस टक्के म्हणजे एक चतुर्थांश, हे जिभेवर आले की गणितात वेळ वाचतो.

खोट्या मापाचा प्रश्नही या पुस्तकांत नेहमी येतो. दुकानदार खरेदीच्याच भावात विकतो, पण मीटरऐवजी ९० सेंटिमीटर कापड देतो, तर नफा किती? उत्तर दहा टक्के नव्हे, ११ पूर्णांक १ नवमांश टक्के, कारण त्याने नव्वदच्या मालावर दहा कमावले. सूरह मुतफ्फिफीन वाचणाऱ्यांनी हा प्रश्न पुस्तकात जरूर सोडवावा, दुकानात मात्र त्याचे उत्तर शून्यच ठेवावे. एका बुजुर्गांनी मला विचारले की चक्रवाढ व्याजाची गणिते मुलांनी करावीत का? मी म्हणालो, जरूर करावीत. ज्याला सुदापासून लांब राहायचे आहे, त्याला तो कसा वाढतो हे इतरांपेक्षा जास्त कळले पाहिजे.

आकृत्यांच्या प्रश्नांत चार-पाच चित्रे देतात आणि पुढचे कोणते ते विचारतात. बूटा कितव्या ओळीत परत येतो, डिझाइन उलटे छापले आहे की फिरवून, हे आपली नजर ताग्यावर रोज पाहते. शिलाईकाम करणाऱ्या कारागिराच्या मुलालाही कापड दुमडून कातरले तर उघडल्यावर काय दिसेल हे समजावून सांगावे लागत नाही. सराव मात्र हवा. रोज दहा आकृत्या, दोन महिने.

नात्यांच्या प्रश्नांत मुले अडतात, कारण इंग्रजीत चाचा, मामू, खालू, फुप्पा सगळे एकच "अंकल". अशा वेळी प्रश्न आपल्या नात्यांत उलटवून कागदावर शजरा काढावा. गोल बसलेल्या माणसांच्या प्रश्नात दस्तरखान काढावा आणि स्वतःला त्यावर बसवावे, म्हणजे डावे-उजवे चुकत नाही. या प्रश्नांची एक गंमत आहे. एकच मांडणी असते आणि तिच्यावर चार-पाच प्रश्न असतात. मांडणी बसली तर सगळे गुण मिळतात. तीन-चार मिनिटांत बसली नाही तर पूर्ण थान गुंडाळून पुढे जावे.

इंग्रजीची भीती

मी उर्दू माध्यमातला, म्हणून ही भीती मला माहीत आहे. उर्दू आणि मराठी माध्यमाची मुले म्हणतात की पेपर इंग्रजीत आहे, आमचे काय होणार? पण २०० पैकी इंग्रजी भाषेचे प्रश्न ५०. बाकीचे १५० इंग्रजीत लिहिलेले असले तरी त्यांची भाषा मोजक्या शब्दांची आहे. मी मुलाच्या पेपरांतून असे शब्द वेचून काढले. "अनलेस", "ॲट लीस्ट", "नायदर-नॉर", "इमीजिएट लेफ्ट", "रिस्पेक्टिव्हली" असे साधारण साठ शब्द भरले. यांचा अर्थ उर्दूत किंवा मराठीत पक्का लिहून ठेवला की निम्मी भीती जाते. माझ्या मुलाचे तर्काचे सात प्रश्न नुसत्या "अनलेस"ने घालवले होते. तर्क त्याला येत होता, शब्द येत नव्हता.

उताऱ्यांसाठी मात्र घाईचा उपाय नाही. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचे व्यापाराचे पान वाचावे, मोठ्याने वाचावे, आणि वाचून झाल्यावर दोन ओळींत सार आपल्या भाषेत लिहावे. कापूस, सूत, जीएसटी यांच्या बातम्यांपासून सुरुवात करावी, कारण विषय ओळखीचा असतो. हे सहा महिने रोज व्हावे लागते. शेवटच्या महिन्यात इंग्रजी येत नाही.

सराव पेपरचा रोजमेळ

बहुतेक मुले सराव पेपर देतात, गुण पाहतात आणि पान उलटतात. रात्री रोकड जुळली नाही तर आपण शटर ओढून घरी जातो का? फरक सापडेपर्यंत बसतो. तसेच येथे करावे. आठवड्यात एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, मध्ये न उठता. आणि दुसऱ्या दिवशी त्याची तपासणी, पेपरपेक्षा जास्त वेळ देऊन.

वहीत चार रकाने करावेत. बरोबर आले पण वेळ जास्त गेला. येत होते पण घाईत चुकले. मुळात येत नव्हते. वेळच पुरला नाही. प्रत्येक चुकलेला प्रश्न कोणत्या रकान्यात जातो ते लिहावे. आठ-दहा पेपर झाले की कोणता रकाना जड आहे ते दिसते. "येत नव्हते" जड असेल तर पुस्तकाकडे जावे. "घाईत चुकले" जड असेल तर नवीन पुस्तक घेऊन काही होणार नाही, वेग थोडा कमी करावा लागेल. माझ्या मुलाचा "वेळ पुरला नाही" हा रकाना सर्वांत जड होता. तो अवघड प्रश्नाशी हट्ट करत होता. हे आम्हाला आधी कळले असते, पण आम्ही रोजमेळच लिहिला नव्हता.

शहापूर-मुरबाडची अडचण

मुंबई-ठाण्याच्या मुलाला क्लास घराखाली मिळतो. शहापूरच्या मुलाला आधी रिक्षाने आसनगाव गाठावे लागते, मग कल्याण किंवा ठाण्याची लोकल. मुरबाडला तर रेल्वे पोहोचलेली नाही, एसटीने कल्याणपर्यंतच तास मोडतो. किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे येथल्या मुलांचे विचारूच नका. दोन तासांच्या क्लाससाठी जाण्या-येण्यात चार तास जातात. माझे मत असे की आपल्या भागातल्या मुलाने रोजच्या क्लासमागे धावू नये. चांगली दोन-तीन पुस्तके, मोबाइलवर मिळणारे धडे आणि सराव पेपर यांवर बहुतेक तयारी होते. क्लास लावायचाच तर आठवड्यातून एकदा, शंका विचारण्यापुरता.

पण घरी जागा नसते, आणि असली तरी शांतता नसते. येथे जमातींनी पुढे यावे. मशिदीला किंवा मदरशाला लागून असलेला हॉल फजरपासून सकाळी आठपर्यंत आणि ईशानंतर दोन तास अभ्यासासाठी उघडा ठेवायला काय लागते? दोन ट्यूबलाइट, चार टेबल आणि एक जबाबदार माणूस. पाच मुले एकत्र बसली की एकाचे गणित दुसऱ्याला मिळते आणि दुसऱ्याचे इंग्रजी पहिल्याला. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी. आपल्या मुली पुष्कळदा मुलांपेक्षा जास्त गुण आणतात आणि पदवीनंतर घरी बसतात.

बापाचे काम

अभ्यास मुलाने करायचा. बापाची कामे तीन.

पहिले, वेळ. दुकानात मुलाने बसूच नये असे मी म्हणत नाही. दुकान जे शिकवते ते कॉलेज शिकवत नाही. पण परीक्षेआधीचे सहा महिने सकाळचे दोन तास त्याचे असावेत, आणि शेवटचे चाळीस दिवस काउंटर पूर्ण बंद. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२७ मध्ये ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येईल. परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये आली तर रमजान आणि तयारीचे शेवटचे दिवस पुन्हा शेजारी असतील. कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस होते, तेव्हा लग्नसराई सुरू झालेली असते. म्हणजे आमच्या धंद्याचा सीझन आणि परीक्षा यांची टक्कर टळणारी नाही. उपाय एकच, सीझनपुरता पगारी माणूस ठेवणे. त्याचा पगार आणि मुलाचे वाया गेलेले वर्ष तराजूच्या दोन पारड्यांत ठेवून पाहा. मी ठेवले नव्हते.

दुसरे, कागदपत्रे. १९९४ पासून आपल्या अनेक कारागीर बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. पण जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेयर हातात नसेल तर त्याचा उपयोग शून्य. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांच्या शाळेचा दाखला शोधावा लागतो. हे काम निकालानंतर आठ दिवसांत होत नाही, वर्षभर आधी सुरू करावे. मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक शिक्षणाच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली. अटी नीट वाचाव्यात. अल्पसंख्याक संस्थांत आपल्या समाजासाठी राखीव जागा असतात, तेथला अर्जही वेळेत भरावा.

तिसरे, सबर. निकाल कमी आला तर कर्ज काढून मिळेल त्या संस्थेत जागा घेऊ नका. दोन वर्षांची फी आणि तेथून बाहेर पडलेल्या मुलांना खरोखर मिळालेला पगार, हे दोन्ही आकडे त्या मुलांनाच जाऊन विचारा. सौदा तोट्याचा दिसला तर एक वर्ष थांबणे चांगले. प्रत्येक मुलाने एमबीए व्हावे असेही नाही.

"शिकून नोकरीच करणार, मग दुकान कोण पाहणार?" हा प्रश्न मला रोज विचारला जातो. १ जुलै २०१७ ला कापडावर जीएसटी आला तेव्हा आम्ही सगळे हिशेबनिसाच्या दारात रांग लावून उभे होतो. १ एप्रिल २०२४ पासून असा नियम आला की लघु कारखानदाराचे पैसे ४५ दिवसांत चुकवले नाहीत, तर ती रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरली जाणार नाही. ज्या धंद्यात उधारी चार-चार महिने चालते, त्या धंद्याचा पायाच यामुळे हलला. हे कायदे वाचणारा, बँकेशी आणि मोठ्या कंपनीशी बरोबरीने बोलणारा माणूस आपल्या घरातला असावा की नाही? तो दुकानात बसो किंवा दुसरीकडे, घराचा धंदा त्याच्या इल्मने वाचेल. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदिनेत रिकाम्या हाताने आले तेव्हा त्यांनी मदत घेण्याऐवजी बाजाराचा रस्ता विचारला होता. आपल्या मुलांनीही रस्ताच विचारला आहे. आपण त्यांना वेळ तरी द्यावा.

माझा मुलगा पुन्हा तयारीला लागला आहे. फजरनंतर तो वर बसतो आणि दुकान मी एकटा उघडतो. एखादे गिऱ्हाईक परत जाते, ते गेले तर जाऊ दे. दुकानातल्या कॅलेंडरवर या वेळी ईदच्या तारखेखाली जागा मोकळी सोडली आहे. परीक्षेची तारीख जाहीर झाली की ती मी स्वतः लाल शाईने लिहिणार आहे.

अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या मेहनतीत बरकत देवो आणि आपल्याला त्यांच्या वेळेची किंमत समजण्याची बुद्धी देवो. आमीन.